कान मागे, टोपी पुढे

माझ्या डोक्याला आज जे दोन कान दिसतात, त्यातला एक देवाने लावला तिथेच आहे आणि दुसरा बांद्र्याच्या एका डॉक्टरने मागे सरकवलेला आहे. कोणता कोणाचा, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही.

मुळात दोन्ही देवाचेच होते. इतर घराण्यांत बापाकडून मुलाकडे वाडी येते, सोनं येतं. आमच्याकडे आजोबांनी वडिलांना आणि वडिलांनी मला काही न चुकता दिलं असेल, तर ते हे कान. डोक्याशी काटकोन करून उभे! वसईजवळच्या आमच्या सांडोर गावात कोणी आमचं घर विचारलं तर लोक आडनाव विचारत बसत नसत. स्वतःच्या कानांमागे हाताचे पंजे धरून ‘हे का?’ एवढंच विचारत आणि बोट दाखवत. शाळेत गुरुजींना माझा कान कधी शोधावा लागला नाही. त्यांनी नुसता हात पुढे केला की कान आपणहून हातात येई.

तरीही मला त्याचं विशेष दुःख नव्हतं, कारण गावच्या बँडमध्ये ते कान कामाचे होते. मी मुंबईला एका कचेरीत कारकून होतो आणि लग्नसराईत पास्कू मास्तरांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत असे. मास्तरांनी मुंबईतल्या कुठल्याशा बंद पडलेल्या बँडच्या टोप्या स्वस्तात उचलल्या होत्या. त्या बँडातले सगळे वादक डोक्याने फारच मोठे असावेत. आमच्या पोरांना टोपीच्या आत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबाव्या लागत. मला मात्र घडी लागत नसे. टोपी डोक्यावरून खाली निघाली की दोन्ही बाजूंनी कानांवर येऊन टेकायची आणि तिथेच थांबायची. ‘इनासला सोय घरचीच हाय,’ असं मास्तर कौतुकाने म्हणत. (माझ्या कानांचं झालेलं हे एकमेव कौतुक. तेही टोपीच्या निमित्ताने.)

मग रोझाचं प्रकरण सुरू झालं. शेजारच्या गावातल्या बस्त्याव काकांची ही मुलगी मी अनेक लग्नांत पाहिली होती. बँड वाजत असताना ती माझ्याकडे बघते असा मला संशय होता. पण क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचे गाल असे फुगतात की त्याच्याकडे कोणीही बघेल, म्हणून मी त्या संशयावर फार विसंबलो नाही. शेवटी आमच्या मार्था मावशीने पुढाकार घेतला. गावातली निम्मी लग्नं तिने जुळवली होती आणि उरलेली निम्मी आपल्याला न विचारता झाली, याचा तिला राग होता. ती रोझाच्या घरी जाऊन विषय काढून आली आणि ओट्यावर पाय पसरून बसली.

“बस्त्याव म्हणतो, नाताळानंतर सांगतो. घरात पोराचं लगीन हाय, ते उरकू दे.”

“आणि रोझा?”

“तुझं नाव ऐकून हसली रे.”

“कशी हसली?”

“तोंडावर पदर धरून. मंग आत पळाली.”

मुलगी नाव ऐकून हसते, पदर तोंडावर धरते आणि वर आत पळते, याचा अर्थ काय होतो? शहाणा माणूस मावशीला परत पाठवून तो अर्थ विचारून घेईल. मी आरशात पाहिलं आणि अर्थ लावला.

त्या काळी कानांवर केस वाढवायची फॅशन होती. मीही वाढवले. केसांतून कान बाहेर आले. आता ते पडद्याआडून कोणी डोकावत असल्यासारखे दिसू लागले, आणि हे आधीपेक्षा वाईट होतं. अशा वेळी आमच्या कचेरीतला एक सहकारी धावून आला. त्याने स्वतःचं वाकडं नाक ऑपरेशन करून सरळ करून घेतलं होतं. (नाक झक्क झालं होतं. त्यानंतर लोकांचं लक्ष त्याच्या दातांकडे जाऊ लागलं, ही गोष्ट वेगळी.) त्याने मला डॉक्टरचा पत्ता दिला.

डॉक्टरने माझे कान दोन्ही बाजूंनी पाहिले, पट्टीने मोजले आणि शिंपी बाहीबद्दल विचारतो तशा सुरात विचारलं, “किती मागे हवेत?” मी म्हटलं, चारचौघांचे असतात तेवढे. मग त्याने समजावून सांगितलं की कानामागे काप घ्यायचा, आतली कूर्चा, म्हणजे कानाचं मऊ हाड, दुमडायची आणि टाक्यांनी आवळून टाकायची. वरच्या जखमा लवकर भरतात, पण आतला कान काही महिने आपली जुनी जागा विसरत नाही, तेवढं सांभाळायचं. रात्री डोक्याला पट्टा बांधायचा, कुशीवर झोपायचं नाही, ओलं करायचं नाही.

“आणि मुख्य म्हणजे कोणी कान ओढता कामा नये,” तो म्हणाला.

मी हसलो. म्हटलं, डॉक्टरसाहेब, मी आता नोकरीला आहे. माझा कान कोण ओढणार?

खर्चाचं म्हणाल तर मी स्वतःच्या मालकीचं नवं क्लॅरिनेट घेण्यासाठी जी पुंजी जमवली होती, ती सगळी कानांत गेली. वसईच्या संगीताचं त्यात काही नुकसान झालं नाही, असं पास्कू मास्तर नंतर म्हणाले. गोळ्या आणि पट्ट्या वेगळ्या. ती पट्टी म्हणजे एक भलामोठा फेटाच होता. फरक इतकाच की फेटा बांधून माणूस रुबाबदार दिसतो, आणि तो इतका महाग नसतो.

ऑपरेशन दुखत नाही असं सहकाऱ्याने सांगितलं होतं. त्याने नाकाबद्दल सांगितलं होतं, कानाबद्दल मी विचारलं नव्हतं. गुंगी उतरल्यावर दोन्ही कान मला वेगवेगळे आणि आळीपाळीने दुखू लागले. पट्टी बदलताना पाहिलं तर ते पिकलेल्या जांभळांच्या रंगाचे होऊन, सुजून, आधीपेक्षाही मोठे झाले होते. आतून अशी खाज सुटे की जीव द्यावा, आणि हात लावायची बंदी! बाबांनी ते कान पाहिले, मग भिंतीवरच्या आरशात स्वतःचे पाहिले.

“काय वाईट होतं रे यांच्यात?” त्यांनी विचारलं.

मला एकदम भरून आलं. आजही ते वाक्य आठवलं की कसंसंच होतं. पण त्या वेळी मान हलवली तरी टाके ओढत होते, म्हणून मी मान न हलवता पट्टी पुन्हा बांधायला घेतली.

गावाला काय सांगायचं हा प्रश्न आईने सोडवला. कानांचं ऑपरेशन म्हटलं तर लोक हसतील, म्हणून तिने सांगितलं की पोराच्या डोक्यावर नारळ पडला. आमच्याकडे सगळ्या वाड्यांमधून माड उभे असल्यामुळे यावर कोणाचाही विश्वास बसतो. दुर्दैवाने तो जरा जास्तच बसला. शेजारच्या सांतान काकांचा एक माड रस्त्यावर झुकलेला होता. गावाने परस्पर ठरवलं की नारळ त्याचाच. बिचाऱ्याने त्याच दिवशी त्या माडाचे कच्चे-पक्के सगळे नारळ उतरवले, टोपली भरून आमच्या ओट्यावर आणून ठेवली आणि डोळ्यांत पाणी आणून माझी माफी मागितली. मी मोठ्या मनाने माफ केलं. दुसरं करणार काय!

नाताळच्या मिस्साला मी पट्टी बांधून चर्चमध्ये गेलो. मुलांचा येशूजन्माचा देखावा होता आणि तीन राजांपैकी एकाला गोवर निघाला होता. फादरनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “तुझा मुकुट तयारच आहे.” अशा रीतीने वयाच्या पंचविशीत मी शाळकरी पोरांच्या रांगेत, धूपाची डबी घेऊन, बाळ येशूला भेटायला उभा राहिलो. प्रेक्षकांत रोझाच्या घरचे होते की नाही, हे मी मुद्दामच पाहिलं नाही.

ते होते. नव्या वर्षाच्या सुरुवातीला मार्था मावशी पुन्हा ओट्यावर येऊन बसली. या वेळी तिने पाय पसरले नाहीत.

“बस्त्याव इचारतो, पोराच्या डोक्याला किती लागलंय?”

“डोक्याला?”

“नारळ पडला ना? मंग लोक म्हणतात, तवापासून तो पोरांच्यात खेळतो. धूप घेऊन हिंडतो. बस्त्याव म्हणतो, येड्याच्या पदरी पोर कशी घालू?”

“आणि कानांचं काय म्हणतो?”

“कानांचं कोण काय म्हणंल?” मावशी म्हणाली. “कान सगळ्यांना ठावं हायत.”

म्हणजे ज्याबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती, ते मी पैसे भरून दुरुस्त करून घेतलं होतं. आणि ज्याच्यात काहीही बिघाड नव्हता, त्या डोक्यावरून लग्न मोडायची वेळ आली होती. मी मावशीला खरं सांगितलं. ती माझ्या कपाळावर हात मारणार होती, पण माझी पट्टी पाहून तिने तो आवरला. मग तिने डाव टाकला. रोझाच्या भावाच्या लग्नाला आमचाच बँड होता. मावशी पास्कू मास्तरांकडे गेली आणि मला सर्वांत पुढे, एकट्याला चालू द्यायचं असं तिने ठरवून घेतलं. बस्त्याव काका समोरच असणार. पोरगा ताठ चालतो, सुरात वाजवतो, शुद्धीत आहे, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. मास्तरांनाही वयामुळे मागून चालणं सोयीचंच होतं.

एव्हाना पट्टी निघाली होती, सूज उतरली होती, आणि खरं सांगतो, कान फार सुंदर झाले होते! डोक्याला असे चिकटून बसले होते की समोरून पाहिलं तर आहेत की नाहीत असं वाटावं. ऑपरेशनसाठी केसही बारीक कापले होते. मी आरशात माझ्याकडे पाहायचो आणि आतला माणूस कोण, असा मलाच आदर वाटायचा.

लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याच्या आंघोळीसाठी विहिरीवरून पाणी आणायची आमच्याकडे पद्धत आहे. पुढे बँड, मागे घागरी घेतलेल्या बायका, गाणी, हसणं, आणि सगळ्यांत पुढच्या घागरीचा मान नवऱ्याच्या बहिणीचा. म्हणजे रोझाचा. आम्ही मांडवात गणवेश चढवून बसलो असताना ती चहाचा ट्रे घेऊन आली. सगळ्यांना देत देत माझ्यापाशी पोचली. माझ्या तोंडावर नीट नजर टाकली. एवढा खर्च, एवढी खाज, सगळं ह्या क्षणासाठी!

“तुम्ही नवीन काय बँडमध्ये?” ती म्हणाली. “इनास नाय आला?”

आता मला सांगा, यावर माणसाने काय बोलावं? मी बोललो. मी म्हणालो, “येईल मागाहून.”

ती जरा हिरमुसली. मग ट्रेमधला एक कप तिने बाजूला घेतला आणि त्यावर बशी पालथी घातली. “त्याच्यासाठी झाकून ठेवते,” असं पुटपुटत ती आत गेली. माझ्यासाठी झाकून ठेवलेला चहा मला मिळाला नाही, कारण मी मी नव्हतो.

ह्याच धक्क्यात मी टोपी घातली. आणि ती थांबेना! डोक्यावरून खाली उतरली, जिथे इतकी वर्षं थांबत होती तिथे थांबायला काही उरलंच नव्हतं, म्हणून तशीच पुढे येऊन भुवयांवर बसली. तालमी आम्ही बिनटोपीच्या करत असू, त्यामुळे हा शोध मला त्या घटकेला लागला. बाकीच्यांच्या टोप्यांत वर्तमानपत्रं होती. माझ्या टोपीत मी एकटाच होतो. घडी शोधायला वळलो, तोवर मास्तरांनी मागून काठी आपटली आणि बँड सुरू झाला.

क्लॅरिनेटला दोन्ही हात लागतात. टोपी सावरायला तिसरा नव्हता. मी मान मागे टाकली. तशी टाकली की मला माडांचे शेंडे दिसत होते आणि चाल बऱ्यापैकी ताठ वाटत होती. कडेला बस्त्याव काका उभे होते, असं मला नंतर कळलं. त्यांना दिसलं ते असं, की नारळ पडलेला पोरगा एकेका माडाकडे टक लावून बघत चाललाय.

वाडीतली वाट अरुंद, दोन्ही अंगांना केळी. पुढे एक वळण लागतं. डावीकडे विहीर आणि सरळ गेलं तर बावखल. बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं, केळी-भाज्या शिंपायला पूर्वजांनी खणून ठेवलेलं. पूर्वज दूरदृष्टीचे होते, पण त्याला कठडा घालावा असं त्यांना सुचलं नव्हतं. वळणाच्या अलीकडे मास्तरांनी जोरकस चाल घेतली. तिला ताल धरताना माझी मान सवयीने एकदा हलली आणि टोपी थेट नाकावर आली. जग काळं झालं. थांबायला हवं होतं, कबूल. पण बस्त्याव काका कुठूनतरी बघत असणार, आणि शुद्धीत असलेला माणूस वाजवता वाजवता मध्येच थांबत नाही, असं मला त्या वेळी वाटलं.

मी सरळ गेलो.

पाणी छातीएवढं होतं आणि जानेवारीतलं होतं. माझ्यामागचा सॅक्सोफोनवाला पुढच्याचं पाऊल बघून चालायचा, तो शिस्तीत माझ्या पाठोपाठ आला. त्याच्यामागे मोठा ढोल. ढोलवाल्याला पोटापुढच्या ढोलामुळे समोरचं कधीच काही दिसत नसे, तो आवाजाच्या मागोमाग जाई. तोही आला. पुढचे आवाजच बंद पडल्यामुळे बाकीचे वाचले. ढोल तरंगू लागला आणि ढोलवाला त्याला मिठी मारून बावखलभर फिरू लागला. काठावरच्या काही बायकांना हा बँडचा नवीन प्रकार वाटला आणि त्यांनी टाळ्याही वाजवल्या.

मी शेवाळात घसरत होतो. एका हातात क्लॅरिनेट वर धरलेलं (ते बँडच्या मालकीचं होतं, माझं तर कानांत गेलं होतं), डोळ्यांवर ओली टोपी. सर्वांत जवळ होती ती पुढच्या घागरीची मानकरी. रोझाने घागर खाली ठेवली, काठावर गुडघे टेकले आणि बुडणाऱ्या परक्या माणसाला धरायला हात पुढे केला. खांदा बुळबुळीत, कॉलर हातातून निसटली. मग जे हाताला लागलं ते तिने घट्ट पकडलं आणि ओढलं.

तो माझा उजवा कान होता.

आत काहीतरी ‘टच्‌’ झालं. अशी कळ गेली की मला डोळ्यांवरच्या टोपीच्या आतसुद्धा चांदण्या दिसल्या. पण मी वर आलो. काठावर हात-गुडघे टेकून बसलो असताना टोपी गळून पडली, आणि माझा उजवा कान सावकाश, आपली जुनी जागा आठवत, बाहेर येऊन काटकोनात उभा राहिला. रोझा तो बघत होती. मग तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“इनास?”

मी मान हलवली.

“तुझा दुसरा कुठं हाय?” तिने विचारलं.

सगळा गाव जमला होता. खरं सांगण्यावाचून इलाज नव्हता. ओल्या गणवेशात, कान धरून, मी ऑपरेशन सांगितलं, डॉक्टर सांगितला, नारळ पडला नव्हता हे सांगितलं. गर्दीत कुठेतरी सांतान काकांनी मोठ्याने श्वास सोडला आणि टोपलीभर नारळांची आठवण काढली. बस्त्याव काका पुढे आले. त्यांनी माझ्या दोन्ही बाजू नीट पाहिल्या.

“म्हणजे डोक्याला मार नाय?”

“नाही, काका.”

“हे सगळं शुद्धीत केलंस?”

“हो, काका.”

“मंग बरं,” ते म्हणाले. “मूर्ख हाय, पण जन्मापासनं हाय. मार लागून झालेला नाय. अशाला पोर द्यायला माझी हरकत नाय.”

मला कोणाचा तरी कोरडा सदरा घालून पडवीत बसवलं. रोझा बशी झाकलेला कप घेऊन आली. चहा गार ढोण झाला होता, वर साय धरली होती. तो मी एका घोटात प्यायलो. मग धीर करून विचारलं की मावशीने माझं नाव काढलं तेव्हा ती हसली का होती.

“हसू आलं म्हणून हसले,” ती म्हणाली. “आनंद झाला की माणूस हसतं. नकार द्यायला कोण हसतं?” आणि थोडं थांबून म्हणाली, “लांबून बँड दिसला की मी आधी टोपीखाली कान बघायची. कान दिसले की समजायचं, आलास.”

यावर मला रडू आलं. कानाच्या कळेमुळे, असं मी तिला सांगितलं.

पुढे डॉक्टरकडे गेलो. उजवा कान पुन्हा करून देईन म्हणाला, पैसे घेऊन. मी म्हटलं, एका कानाचे परत तरी द्या. तो म्हणाला, दोन्ही कान मी मागे करून दिले होते, पुढे कोणी आणला ते तुम्ही बघा. रोझाला विचारलं तर तिने दुसऱ्या ऑपरेशनला साफ नकार दिला. त्या वेळी ती हसली नाही, म्हणून मी तो नकार खरा धरला.

पुढच्या मे महिन्यात आमचं लग्न झालं. मांडवात फोटोग्राफरने तीनदा माझी मान सरळ करायचा प्रयत्न केला आणि शेवटी कॅमेराच तिरका केला. तेव्हापासून आमच्या संसारात वाटणी ठरलेली आहे. डावा कान माझा, कारण त्याचे पैसे मी भरलेत. उजवा तिचा, कारण तो तिने पाण्यातून काढलाय. आणि पकडायला सोपा तोच असल्यामुळे मी डाव्या कानाने काहीही ठरवलं, तरी घरात होतं ते ती उजवा धरून नेईल तसंच.